गर्भिणीचा काम आणि इंद्रदत्त वर

‘डोहाळे’ हा शब्द मराठींत सर्वतोमुखीं आहे. चिंच, कैरी, माती यांची वासना, डोहाळजेवण, चोरओटी इतका त्याचा अर्थ आज घरोघर समजला जातो. परंतु गर्भिणीची इच्छा म्हटली म्हणजे तींत पतिसमागमाच्या इच्छेचा अंतर्भाव प्राचीन ग्रंथकार करीत होते कीं नाहीं, आणि करीत असल्यास ती त्यांनीं मान्य केली कीं निषिद्ध मानली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विषय कित्येकांस संकोचाचा वाटेल. पण श्रुतिकारांस, स्मृतिकारांस व वैद्यांस तो तसा वाटला नाहीं. सबब आम्हींही त्याचा विचार त्यांच्याच मोकळेपणानें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्द पाहूं. संस्कृत दोहद शब्दांतील दकाराचा प्राकृतांत लकार होतो, हें वररुचीनें प्राकृतप्रकाशांत सांगितलें आहे. त्या दोहल रूपावरून आपला डोहळा अथवा डोहाळा आला. सुश्रुताच्या शारीरस्थानांत चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून दोन हृदयांची स्त्री ती दौहृदिनी, असा उलगडा आहे. तिची इच्छा ही एकटीची नसून गर्भाचीही असते, व ती मोडल्यास अपत्य कुबडें, लंगडें, ठेंगणें किंवा जड निपजतें, अशी समजूत या उलगड्याच्या मुळाशीं आहे. याज्ञवल्क्यानेंही प्रायश्चित्ताध्यायांत दोहद न पुरविल्यास गर्भास वैरूप्य किंवा मरण येतें, यास्तव स्त्रीचें प्रिय करावें, असें सांगितलें.

आतां डोहाळ्यांच्या याद्या पाहाव्या. सुश्रुताच्या यादींत राजदर्शन, रेशमी वस्त्रें व अलंकार, आश्रम, देवतेची प्रतिमा, नाना प्रकारचीं मांसें इतके विषय आहेत. रघुवंशांत सुदक्षिणेस मातीचा डोहाळा लागतो, सीतेस तपोवनाचा. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं इ. स. १९२७ मध्यें प्रसिद्धीस आणलेल्या शिवभारतांत कवींद्र परमानंदानें जिजाबाईंचे डोहाळे वर्णिले आहेत, ते गजारोहणाचे, सिंहासनाचे व दुर्ग जिंकण्याचे. हालाच्या गाथासप्तशतींत तर दरिद्री घरांतील गर्भिणी, नवऱ्याची तारांबळ होऊं नये म्हणून, डोहाळा विचारला असतां केवळ पाणी मागते. या सर्वांत डोळ्यांचे विषय आहेत, जिभेचे आहेत, वैभवाचे आहेत. पतीच्या सहवासाचा विषय मात्र नाहीं. ही उणीव सहज पडलेली नसावी, असें पुढील प्रमाणांवरून दिसून येईल.

कारण श्रुतींत याच इच्छेस स्पष्ट स्थान आहे. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडांत कथा येते, ती अशी : इंद्रानें त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप यास मारिलें व त्यास ब्रह्महत्या लागली. तिचा एकेक तृतीयांश त्यानें पृथ्वीस, वृक्षांस व स्त्रियांस देऊं केला. प्रत्येकानें मोबदल्यांत वर मागितला. स्त्रियांनीं दोन गोष्टी मागितल्या : ऋतूपासून प्रजा व्हावी, आणि प्रसूति होईपर्यंत यथेच्छ समागम घडावा. इंद्रानें तें दिलें. हत्येचा जो अंश स्त्रियांनीं घेतला तोच रजस्वलेचा विटाळ झाला, असें श्रुति सांगते. म्हणजे हा वर दान नव्हे, सौदा आहे. एका बाजूस विटाळाचें ओझें, दुसऱ्या बाजूस कामाचा हक्क.

वसिष्ठधर्मसूत्रानें काठक श्रुतीचा आधार देऊन हाच वर पुन्हा सांगितला असून, उद्यां प्रसूत होणारी स्त्रीही पतीसह शयन करूं शकते, इतक्या टोकास तो नेला आहे. याज्ञवल्क्याच्या आचाराध्यायांत, ऋतुकाल नसतांही स्त्रियांचा वर स्मरून पतीनें त्यांच्या इच्छेप्रमाणें वागावें, असें वचन आहे. व त्यावर विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत तैत्तिरीयांतील ही कथाच उतरून घेतली आहे. हा ग्रंथ सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटींत (इ. स. १०७६–११२६) कल्याणी येथें रचला गेला, अर्थात् आपल्या दक्षिणेंतला आहे. हाच विज्ञानेश्वर प्रायश्चित्ताध्यायांत दोहदवचनावर लिहितांना मात्र सुश्रुताचा आधार घेतो व गर्भिणीनें व्यायाम, व्यवाय इत्यादि टाळावे असें सांगतो. एकाच टीकेंत, दोन निरनिराळ्या अध्यायांत, एकीकडे श्रुति व दुसरीकडे वैद्यक अशीं हीं दोन प्रमाणें उभीं आहेत; वाचकानेंच तीं समोरासमोर ठेवावयाचीं.

वैद्यांतही एकमत नाहीं, हें येथें विशेष ध्यानांत ठेविलें पाहिजे. सुश्रुत गर्भलक्षणें दिसल्यापासून व्यवाय वर्ज्य करितो. चरक गर्भास अपाय करणाऱ्या गोष्टींत व्यवायशील गर्भिणीचा निर्देश करितो व तिचें अपत्य कुरूप, निर्लज्ज किंवा स्त्रैण होतें असें म्हणतो. पण तेथील शील हा शब्द संवयीचा वाचक आहे, एखाद्या प्रसंगाचा नव्हे. लागलीच तो गर्भिणीस तेलानें काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणें जपावें असेंही सांगतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत तर निषेध अतिव्यवायाचा आहे. एका ‘अति’ उपसर्गानें अर्थ केवढा पालटतो ! देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें टीका लिहिली ती याच अष्टांगहृदयावर, हेंही आपल्याकडील वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

पुढील निबंधकारांनीं मध्यम मार्ग काढिला. गर्भिणीपतीनें सातव्या महिन्यापुढें क्षौर, मैथुन, तीर्थयात्रा व श्राद्धभोजन वर्जावें, अशा अर्थाचें वचन आश्वलायनाच्या नांवावर निबंधांत चालतें. मूळच्या पैठणकर भट्ट घराण्यांतील कमलाकरभट्टानें निर्णयसिंधु इ. स. १६१२ मध्यें काशीस पुरा केला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु इ. स. १७९० चा. अशा ग्रंथांच्या द्वारें गर्भिणी व गर्भिणीपति यांचे धर्म आपल्या गृहस्थांच्या घरांत शिरले. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण करून पहिलटकरणीस माहेरीं नेण्याच्या चालीशीं सदर वचनाचा मेळ चांगला बसतो. तथापि वचनावरून चाल पडली कीं चालीस वचनाचा आधार मागाहून जोडला, हें एवढ्यावरून ठरवितां येत नाहीं.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. इंद्राशीं झालेल्या सौद्यांतील विटाळाचा भाग आमच्या समाजानें कसोशीनें पाळिला. चार दिवस स्त्रीस दूर बसविलें. त्याच सौद्यांतील तिचा वर मात्र विसरला गेला, आणि डोहाळ्यांच्या यादींत चिंच-कैरी उरली. निबंधांतील गर्भिणीपतीचा नियमही पतीस उद्देशून आहे. त्यांत स्त्रीची इच्छा काय, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. अपत्य कुरूप होण्याची भीति आजच्या वैद्यकानें निराधार ठरविली आहे. प्रकृति निर्दोष असतां समागमानें गर्भास अपाय होत नाहीं. रक्तस्राव, वार खालीं असणें, गर्भोदक फुटणें, अकाल प्रसूतीचा संभव असणें अशा प्रसंगींच तो टाळावा, असें तें सांगतें. ही इच्छा कोणा स्त्रीस वाढते, कोणास मंदावते, हेंही त्यास मान्य आहे. म्हणजे वाग्भटाचा ‘अति’ आणि श्रुतींतील स्त्रियांची मागणी हीं दोन्ही, सुश्रुताच्या सरसकट निषेधापेक्षां, वस्तुस्थितीस जवळ होतीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वैद्यकाच्या पोथ्या चाळतांना गर्भिणीचर्येचें पान अवश्य पाहावें. तेथें ‘व्यवाय’ आहे कीं ‘अतिव्यवाय’, आणि समासांत मागाहून कोणी कांहीं घातलें अगर खोडलें आहे काय, याची नोंद ठेवावी. ‘अति’ हा लेखकाचा हस्तदोष समजून कोणी सोडूं नये. त्या दोन अक्षरांत अनेक पिढ्यांच्या स्त्रियांचा हक्क सांठविलेला आहे.