साखळी-चालनातील ताण

दोन दंतचक्रांमधून शक्ती वाहून नेणाऱ्या साखळीच्या सैल बाजूस राखावयाचा नियत झोल हाच तिच्या योग्य ताणाचा निकष होय. 1880 मध्ये हॅन्स रेनॉल्ड यांनी सिद्ध केलेली रोलर साखळी आज बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात निघणाऱ्या मोटारसायकलींचे मागचे चाक फिरविते. साखळी ‘ताणली’ असे कामगार म्हणतात. वस्तुतः पोलाद लांबत नसून पिन व बुश झिजतात, आणि शंभरावर सांध्यांतील ती सूक्ष्म झीज एकवटून झोल वाढतो. आडव्या चालनात तो दोन्ही दंतचक्रांच्या केंद्रांमधील अंतराच्या सुमारे 2 टक्के ठेवण्याचा दस्तूर आहे. साखळी तारेसारखी आवळणे हा तर ढिलाईहूनही घातक प्रमाद, कारण त्यापायी बेअरिंगे अकाली निकामी होतात. झोल मापताना चाक हळूहळू फिरवून, बोटाने साखळी वरखाली दाबत, सर्वांत घट्ट लागेल तेथेच पट्टी लावावी.