दहा मिनिटांचा आकडा

'कॅरॅक्टरायझेशन' म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला व्यक्तिरेखाटन आठवते. रसायनशास्त्रज्ञ हाच शब्द पदार्थाची ओळख पटवण्यासाठी वापरतो, आणि त्याची अडचणही कादंबरीकाराचीच असते : एका प्रसंगावरून स्वभाव कितपत कळतो?

१९६८ च्या सुमारास ठाणे-बेलापूर पट्ट्यात नॉसिलचा नाफ्था भंजन प्रकल्प उभा राहिला. शेजारीच पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजमध्ये पॉलिएथिलीन तयार होऊ लागले. अशा दाण्यांची ओळख एका आकड्याने सांगितली जाते, तो म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. पॉलिएथिलीन १९० अंशांवर वितळवायचे, वर २.१६ किलोचे वजन ठेवायचे आणि बारीक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येते ते मोजायचे. उपकरण साधे, काम झटपट. पण ही ओळख संथ प्रवाहातली. साच्यात शिरताना त्याच रसाचा कर्तनवेग सेकंदाला हजारांच्या घरात जातो आणि त्याची श्यानता कितीतरी पटींनी उतरते. तिथला स्वभाव जाणायचा तर ऱ्हिओमीटर हवा. तो महाग, शिवाय प्रत्येक नव्या प्रतीसाठी सगळी मापने पहिल्यापासून.

१९८३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील ए. व्ही. शेणॉय, एस. चट्टोपाध्याय आणि व्ही. एम. नाडकर्णी यांनी 'ऱ्हिऑलॉजिका ॲक्टा' या नियतकालिकात एक वाट दाखवली. श्यानतेला इंडेक्सने गुणायचे, कर्तनवेगाला इंडेक्सने भागायचे. एकाच जातीच्या बहुवारिकाच्या निरनिराळ्या प्रतींचे वक्र मग एकमेकांवर बसतात. वजन ठरलेले असल्याने एका बिंदूत ते भेटणार, हे गणितच सांगते. नवल त्यापुढचे : दूरवरही ते फारसे फाकत नाहीत. म्हणजे मूळ वक्र एकदा आखला की पुढच्या प्रतीसाठी दहा मिनिटांचा आकडा पुरतो.

मला यातला काटकसरीचा भाग विशेष वाटतो. नवे यंत्र न घेता, हाताशी असलेल्या क्षुल्लक मापातूनच अधिक अर्थ काढलेला आहे. (आपल्या समीक्षेला ही सवय थोडी लागली असती तर!) मर्यादा अर्थातच आहेत. रेणूंच्या लांबीतला विखार फार वेगळा असेल किंवा साखळीला लांब फांद्या असतील, तर वक्र सुटे होतात. आणि अगदी नव्या बहुवारिकाचा मूळ वक्र सावकाशच आखावा लागतो. शेणॉय आणि डी. आर. सैनी यांनी या विषयावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.