चुकून सापडलेली औषधं

'गोवा पावडर' हे नाव ऐकलंय का कुणी? नांदेडला इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण मला ते भेटलं निवृत्तीनंतरच्या वाचनात. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे गजकर्णावर ही पिवळसर पूड लावत. १८६४ साली मुंबईच्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्याने तिच्याविषयी विलायतेच्या नियतकालिकात लिहिलं. नाव गोव्याचं, माल मात्र ब्राझीलचा! तिथल्या अरारोबा झाडाच्या खोडातली ही पूड पोर्तुगीजांमार्फत गोव्यात यायची. दोन्ही एकच, हे १८७४-७५ च्या सुमारास बाहियाच्या दा सिल्वा लिमा या डॉक्टरांनी ओळखलं.

पुढची गंमत अशी. एका रोग्याचा सोरायसिस गजकर्ण समजून त्याला ही पूड लावली गेली आणि चट्टे चक्क गेले! लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरांनी १८७६ साली हे हेरलं आणि तिच्यातल्या द्रव्याचं मलम रूढ केलं. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा जर्मनीत १९१६ मध्ये त्याच जातीचं कृत्रिम औषध आलं, डिथ्रॅनॉल. कपड्यांवर डाग पाडायचं, पण अनेक दशकं चाललं. औषध मिळालं, रोग कशाने होतो हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझ्या आत्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर असेच रुपेरी खवल्यांचे चट्टे होते. औसा तालुक्यातल्या तिच्या सासरी तिचं ताट-तांब्या वेगळा. 'महारोग' म्हणायचे, हळू आवाजात. तिच्या चट्ट्यांना खाज सुटायची, टाचणी टोचली की कळायचं. महारोगाच्या चट्ट्यात सहसा हेच कळेनासं होतं. एवढी पारखही कुणी केली नाही. (आणि महारोग असता, तरी माणसाला असं वागवावं का?) तेव्हा नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, ते १९८८ चं, लातूरचं सरकारी तर २००२ चं.

यात शब्दाचाही दोष आहे. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार, त्यातल्या 'एककुष्ठा'ला माशाच्या खवल्यांची उपमा दिलेली. पण लोकांच्या तोंडी कुष्ठ म्हणजे एकच, महारोग. युरोपातही शतकानुशतकं हाच घोळ होता. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ मध्ये दोन्ही रोग कायमचे वेगळे केले.

आता कारणाकडे. आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत होते. त्यांच्या चमूने केलेलं अमिनोप्टेरिन आधी रक्ताच्या कर्करोगावर वापरलं गेलं. १९५१ साली ते सांधेदुखीवर देऊन पाहिलं, तर सोरायसिसचे चट्टे गेले. त्याचाच भाऊ मेथोट्रेक्सेट आजही देतात. हे औषध पेशींची वाढ रोखतं, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की खोट त्वचेच्या पेशींतच आहे. मग १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन आलं. तेही सांध्यांसाठीच दिलेलं आणि पुन्हा त्वचा सुधारली! पण हे औषध मुख्यतः 'टी' पेशींना, म्हणजे शरीराच्या राखणदारांना, आवरतं. संशयाची सुई तिकडे वळली. पुढे असंही दिसलं, की सोरायसिस असलेल्या दात्याची अस्थिमज्जा घेतल्यावर एखाद्या निरोगी त्वचेच्या माणसालाही तो झाला.

माझ्या पुतण्याच्या मुलीलाही हाच आजार आहे. मध्यंतरी लातूरच्या एका स्थळाने विचारलं, "लागण होते का? पुढच्या पिढीत येतं का?" नातेवाईकही इथे वाचतात, म्हणून स्पष्ट सांगते. लागण होत नाही. हा जंतूचा रोग नाही आणि 'अशुद्ध रक्ता'चाही नाही. कल घराण्यातून येतो, पण आई-वडिलांपैकी एकाला असला तरी बहुतेक मुलांना होत नाही. नुसता कल पुरत नाही. घशाचा संसर्ग, जखम, मनस्ताप, काही औषधं, असं निमित्त लागतं. मग त्वचेतल्या काही पेशी इंटरल्यूकिन-२३ नावाचा निरोप धाडतात. त्याने चेतलेल्या 'टी' पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडतात आणि त्वचेच्या पेशी भराभर वाढू लागतात. सुमारे महिन्याचं काम चार-पाच दिवसांत! कच्च्या पेशींचे थर साचतात, तेच खवले. वर त्वचेच्या पेशीच आणखी राखणदारांना हाका मारतात. चोर नसताना गस्त चालूच.

नवी इंजेक्शनं नेमके हे निरोपच अडवतात. २०१३ मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉनच्या इटोलिझुमॅबला भारतात मंजुरी मिळाली. ते 'टी' पेशींवरच्या सीडी-६ या खुणेला धरतं. ही औषधं महाग आहेत, आणि रोग मुळातून जात नाही, ताब्यात राहतो. शिवाय टीएनएफ नावाचा निरोप अडवणाऱ्या औषधांनी शरीरात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, कारण क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवायला तोच निरोप लागतो. म्हणून आधी क्षयाची तपासणी. आमच्या मुलीची ती गेल्या आठवड्यात नांदेडला झाली. रिपोर्ट यायचा आहे.