गंधर्वांचे रसिक आणि गंधर्वांचे वय

१९०७ साली जळगावात महाराष्ट्रातले पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. त्यांच्यापुढे धरणगावचा एक सतरा वर्षांचा कोवळा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला आणि सभा थक्क झाली. त्र्यंबक बापूजी ठोमरे ‘बालकवी’ झाले ते या संमेलनात. याच जळगावात त्याआधी काही वर्षे नारायण श्रीपाद राजहंस नावाचा आणखी एक मुलगा नातलगांकडे राहून गेला होता. महेबूबखाँकडे तो गाण्याचे पहिले धडे गिरवीत असे. त्यालाही ‘बाल’ हेच उपपद लाभले. ते मात्र पुण्यात, आणि लोकमान्य टिळकांच्या तोंडून, असे परंपरा सांगते. एका गावाने दोन ‘बाल’ पाहिले, याचा आम्हां खानदेशी मंडळींना थोडा गर्व आहे, आणि तो असायला हरकत नाही.

पण या दोन उपपदांचे पुढे जे झाले ते पाहावे. बालकवी १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली सापडून गेले. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. म्हणून ते बालकवीच राहिले; त्यांच्या केसांना पांढरा रंग लागलेला कोणी पाहिला नाही. बालगंधर्व जगले १९६७ पर्यंत. ऐंशीच्या घरात आलेल्या माणसाला लोक ‘बाल’ म्हणत राहिले, आणि ज्या माणसाचे बालपण लोकांना हवेहवेसे असते त्याच्या म्हातारपणाचे काय करायचे, हे त्या लोकांना शेवटपर्यंत उमगले नाही.

नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला होऊन रंगभूमीवर उभे राहिले. १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच नारायणरावांची लहान मुलगी गेली, तरी प्रयोग थांबला नाही. १९१३ साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे गोविंदराव बाहेर पडले, नंतर बोडसही. ज्या त्रयीच्या नावावर मंडळी उभी राहिली तिच्यातला एकच मागे उरला. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले तेव्हा नारायणराव अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि त्यांची रुक्मिणी पाहून आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी कामावर गेला तरी मनाने मांडवातच असे. १९१९ साली ‘एकच प्याला’तील सिंधू आली. ती पाहायला गडकरी हयात नव्हते. महिन्याभरापूर्वीच ते गेले होते.

नाटक मंडळी म्हणजे नुसते नट नव्हेत. पडदे, पेट्या, आचारी, वादक असा सारा संसार रेल्वेने गावोगाव फिरे. जळगाव-भुसावळ मोठ्या लोहमार्गावर, आणि चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा १९०० सालापासून सुरू झालेला. त्यामुळे खानदेशात मोठे नाटक ही केवळ ऐकीव गोष्ट उरली नाही. कपाशीचा पैसा हातात आला की व्यापारी, वकील, मास्तर असे सगळेच या नादाला लागत. गंधर्वांच्या साथीला पुढे अहमदजान थिरकवांसारखा तबलजी होता. रंगभूमीवर खरे गालिचे, खरे शालू, खऱ्या अत्तराचा दरवळ. वन्समोअरवर वन्समोअर होत पहाट व्हायची. घरंदाज बायका पदर कसा घ्यावा, अंबाड्यात वेणी कशी माळावी हे या पुरुषाकडून शिकल्या. खुद्द खानदेशात तमाशाच्या बोर्डावर बायका नाचत-गात आल्या होत्या, त्यांच्याकडे मात्र ही घरे वळून पाहात नसत. बाईने बाई होणे हलके आणि पुरुषाने बाई होणे कुलीन, असा तो न्याय होता. असो.

१९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. दोन मंडळ्यांच्या चाहत्यांत केवढी चुरस! कोण वरचढ ठरले याचा वाद पुढे कितीतरी वर्षे ओट्याओट्यावर चालला. त्या ऑक्टोबरात केशवराव गेले. तेही तरुणच गेले, आणि त्यांच्याविषयी रसिकांच्या मनात कधी दोन मते झाली नाहीत. वर ज्या न्यायाचा उल्लेख केला त्याच्याच जवळचा हा दुसरा न्याय.

बालगंधर्वांच्या वाट्याला कर्ज आले. थाटात कमी करणे त्यांना ठाऊक नव्हते. ‘द्रौपदी’साठी त्यांनी जो खर्च केला त्याच्या कथा लोक कौतुकाने सांगत आणि त्याच श्वासात ‘व्यवहार कळत नाही हो’ म्हणून मान हलवीत. ज्या गालिच्यावर नजर ठरत नाही म्हणून तिकीट काढायचे, त्याच गालिच्याच्या किमतीवरून नटाला बोल लावायचा! मायबाप प्रेक्षकांना ते ‘देवा’ म्हणून हात जोडीत; या देवाला नैवेद्यही हवा होता आणि काटकसरही.

मग बोलपट आला. १९३१ नंतर पडद्यावर खऱ्या स्त्रिया बोलू-गाऊ लागल्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. इकडे हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर आल्या होत्या. पुरुषाच्या स्त्रीभूमिकेपुढे आजवर कोणी प्रश्नचिन्ह काढले नव्हते, ते आता काढावे लागले. नारायणरावांनी काळाची हाक ऐकली नाही असे म्हणतात ते मला पटत नाही. १९३५ साली ते प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले, शांतारामबापूंचे दिग्दर्शन, उत्तम चित्रपट. आणि रसिक काय म्हणाले? ‘आमची रुक्मिणी कुठे?’ दोन वर्षांनी बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्री झाले, तेव्हा तेच रसिक म्हणाले, ‘आता वय झाले.’ रंगभूमीवर बत्तीच्या उजेडात, दूरवरून जे खपत होते ते कॅमेऱ्याने जवळ जाऊन दाखवले. पुरुष झाले तर रुक्मिणी हरवते, स्त्री झाले तर वय दिसते. या माणसाने जावे तरी कोणत्या वाटेने?

१९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या या बाई बालगंधर्वांच्याच गायकीचा ध्यास घेऊन गाणाऱ्या. चित्रपटगायिका अमीरबाईंच्या भगिनी. नायिकेची भूमिका त्यांच्याकडे गेली. कलेच्या दृष्टीने यात गैर काय होते? वय झालेल्या नटाने तरुण स्त्रीला जागा करून द्यावी हेच तर लोक मागत होते. पण आता त्यांना ती बाई नको होती. तिचा धर्म नको होता, पुढे ती नारायणरावांची जीवनसाथी झाली तेही नको होते. कित्येक घरांतून गंधर्वांचे नाव निघाले की वडीलमंडळी डोळे मिटून गुणगुणत आणि गोहरबाईंचे नाव निघाले की विषय बदलत. नारायणराव थकले, पाय गेले, तेव्हा त्यांच्यापाशी राहिली ती हीच बाई. १९६४ साली नारायणरावांना पद्मभूषण मिळाले. गोहरबाई गेल्या त्या त्याच वर्षी.

या रसिकांना कृतघ्न ठरवण्याचे माझ्या मनात नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांनी उतरत्या काळातही तिकिटे काढली. थकलेला गळा एखाद्या जागी अवचित पूर्वीसारखा लागे. तेवढ्या एका जागेसाठी चार तास बसणारी माणसे होती, आणि घरी येऊन ‘जायला नको होते’ म्हणणारी माणसेही तीच. प्रेम संपले असते तर वाईटही वाटले नसते. पुढच्या पिढीपाशी तबकड्या आल्या. एका बाजूवर मोजून तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. नाटकात तेच पद कितीतरी वेळ फुलत असे. त्यामुळे आजोबा म्हणत, ‘हे काहीच नव्हे,’ आणि नातू म्हणे, ‘यापेक्षा आणखी काय हवे?’

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द त्यांच्याच हस्ते बसली. ते उघडले १९६८ च्या २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, पण पाहायला ते राहिले नव्हते. तेथे गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातले, दुसरे स्त्रीभूमिकेतले. म्हातारपणाचे चित्र तिथे लावावे असे कोणाला सुचले नाही.

आमच्या जळगावातही त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, आणि गेली कित्येक वर्षे त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. तरुण गायक-गायिका दूरदूरहून येतात. एखादी मुलगी गंधर्वांचे पद म्हणू लागली की पुढल्या रांगेतले पांढऱ्या केसांचे गृहस्थ मांडीवर ठेका धरतात आणि ती जागा जवळ आली की कान टवकारतात. त्यांनी बालगंधर्वांना पाहिलेले नसते; त्यांच्या वडिलांनीही बहुधा उतरत्या काळातच पाहिलेले. तरी पद संपल्यावर टाळ्या वाजवता वाजवता ते शेजाऱ्याकडे झुकून म्हणतात, ‘चांगले गायली पोरगी. पण तसे नाही.’