पाण्यावरील रेघ

पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत जुन्या घरीं गेलें म्हणजे पाहुण्यास भिंतीवरची एक खूण दाखविण्याची चाल पुष्कळ वर्षें होती. "एथवर पाणी आलें होतें," असें म्हणून वडील माणूस आपलें बोट डोक्याच्याहि वर नेई. ती खूण १२ जुलै १९६१ ची. त्या दिवशीं सकाळीं पानशेतचें पुरतें बांधूनहि न झालेलें धरण फुटलें, मागून खडकवासल्याचें गेलें, आणि मुठेनें नारायण, शनिवार, कसबा या पेठा पोटांत घेतल्या. समुद्रसपाटीहून सुमारें ५६० मीटर उंचावर राहणाऱ्या पुणेकरास शहर बुडणें म्हणजे काय, हें कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता उरली नाहीं.

ही रेघ पूर ओसरल्यावर ओढलेली. पूर येण्यापूर्वींच ती ओढून दाखवावी, असा उद्योग या शतकांत कांहीं कलावंतांनीं आरंभिला आहे. पृथ्वी तापत आहे, हिमनद्या वितळत आहेत, ऊन झालेलें पाणी फुगतहि आहे. तेव्हां समुद्रकांठच्या शहरांचें काय होणार, हा त्यांचा प्रश्न. ईव्ह मोशर या बाईंनीं २००७ सालीं मैदानावर फक्की मारण्याचें यंत्र ढकलीत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून समुद्रसपाटीहून दहा फूट उंचीची रेघ ओढली. डान रोझेगार्डे या डच कलावंतानें २०१५ सालीं ॲम्स्टरडॅमच्या चौकांत रात्रीं निळ्या प्रकाशाचा थर लोकांच्या डोक्यांवर तरंगत ठेविला. बांध नसते तर पाणी कोठवर असतें, हें लोक त्याखालून चालतांना पाहत होते. अशा कृतींस हल्लीं मांडणशिल्प म्हणतात. गणेशोत्सवांतील देखाव्यांत शिरून थक्क होणाऱ्या आम्हां पुणेकरांस तें नांव नवें वाटलें, तरी प्रकार अगदींच परका वाटूं नये.

परंतु आमच्या मतें यांहून खोल विचार मुंबईंत झाला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, भरतीनें त्याची वाट अडविली, आणि मिठी नदी शेंकडों लोकांच्या जिवावर उठली. पुढें २००९ सालीं अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा या भूदृश्यरचनाकारांनीं तेथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत 'सोक' हें प्रदर्शन मांडलें. जुने नकाशे, छायाचित्रें, उभे छेद यांतून फिरतां फिरतां प्रेक्षकाच्या ध्यानांत येई कीं, आपण जिला किनारा म्हणतों ती रेघ नकाशा काढणाऱ्याची आहे, समुद्राची नव्हे. मुंबई म्हणजे बेट नसून खाडीमुख आहे, आणि पावसाचें पाणी हांकलून देण्यापेक्षां त्यास मुरावयास जागा द्यावी, असें त्यांचें म्हणणें.

मुंबईचा इतिहास या म्हणण्यास दुजोराच देतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हॉर्नबीच्या बांधानें वरळीकडून आंत येणारी भरती अडविली गेली. पुढें बॅक बेंत भर घालण्यासाठीं कंपनी निघाली. तिच्या शेअरांच्या मागें लोक वेडे झाले, आणि १८६५ सालीं हातीं कागद राहिले. १९२० नंतर सरकारनें तोच खटाटोप पुन्हां केला, व त्यांतील उधळपट्टी वीर नरिमन यांनीं चव्हाट्यावर आणिली. त्याच नरिमनांचें नांव पुढें समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीस मिळालें, हा काव्यगत न्याय कीं थट्टा, हें वाचकांनींच ठरवावें!

न्यूयॉर्कची रेघ भय दाखविते, आणि तें दाखविणेंहि अवश्य आहे. मुंबईच्या प्रदर्शनानें मात्र ही रेघ ओढली कोणीं, असें विचारलें. तोच प्रश्न पुण्यासहि लागू पडतो. मुठेच्या दोन्ही कांठांस पाटबंधारे खात्याच्या नकाशांत दोन पूररेषा आहेत : पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची लाल. निळीच्या आंत घर बांधूं नये, असा नियम आहे. २५ जुलै २०२४ रोजीं पाऊस कोसळत असतां खडकवासल्यांतून पाणी सोडण्यांत आलें, तें सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत शिरलें, आणि लोकांस बाहेर काढण्यासाठीं लष्कराचे जवान बोलवावे लागले.