मनुस्मृती जळाली, ‘मागच्या जन्मीचे पाप’ अजून जळायचे आहे

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपण महाडला जमतो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळीत पाणी घेतो, क्रांतिस्तंभासमोर उभे राहतो, पुस्तकांच्या स्टॉलवर रेंगाळतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. आम्हीही त्या गर्दीतलेच. पण गेली काही वर्षे महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर, दिव्यांग मुले असलेल्या घरी आमचे जाणेयेणे आहे. त्यामुळे त्या गर्दीत कोण नसते, तेही आता दिसू लागले आहे.

पोलादपूरकडच्या एका वाडीतली ताई त्या गर्दीत नसते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मान सावरते, पण आधाराशिवाय बसता येत नाही, बोलता येत नाही. नवरा मुंबईला कामाला. आम्ही तिला विचारले, “ताई, तुम्ही कधी महाडला येत नाही?” ती म्हणाली, “याला कुणाजवळ ठेवू?” थोडा वेळ गप्प राहून पुढे म्हणाली, “माझाच भोग आहे हा. मागच्या जन्मी काय पाप केलं असंल, कुणास ठाऊक.”

ती हे बोलली तेव्हा तिच्या डोक्यावर भिंतीला तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहोत, आणि ते तिच्यापेक्षा आपल्यासाठी जास्त आहे.

हे वाक्य आले कुठून?

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. अस्पृश्यता आणि स्त्रीदास्य यांचा तो ग्रंथ म्हणून आपण तिला ओळखतो. त्या दिवशीच्या ठरावांत दिव्यांगांचा वेगळा उल्लेख होता, असा आमचा दावा नाही. पण जळालेल्या पुस्तकात तो नक्की होता.

अकराव्या अध्यायात पापे आणि त्यांची शरीरावर उमटणारी फळे यांची यादीच दिली आहे. वाणी (म्हणजे वेदाचे शब्द) चोरणारा मुका होतो, वस्त्र चोरणाऱ्याला कोड फुटते, घोडा चोरणारा पांगळा होतो. या जन्मीच्या किंवा मागच्या जन्मीच्या दुष्कृत्यांमुळे माणसे जड, मुकी, आंधळी, बहिरी, विद्रूप जन्मतात आणि सज्जन त्यांची निंदा करतात, असा त्याचा निष्कर्ष. नवव्या अध्यायाच्या २०१ व्या श्लोकात जन्मांध, जन्मबधिर, वेडा, जड, मुका यांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाकारला आहे. पुढच्याच श्लोकात त्यांना अन्नवस्त्र द्यावे, असे सांगितले आहे. म्हणजे हक्क काढून घ्यायचा आणि भाकरी दयेची द्यायची. अस्पृश्यांना गावकीतून बाहेर काढून वर शिळे तुकडे देण्याची रीत आपल्या पूर्वजांनी भोगली आहे. तिचे तर्कशास्त्र वेगळे होते का?

पुस्तक जळाले म्हणून त्याचा कायदा लगेच मेला नाही. हिंदू कायद्यात दिव्यांगांना वारसाहक्क नाकारण्याची ही तरतूद इंग्रजी न्यायालयांतही चालू होती. १९२८ च्या कायद्याने ती बरीचशी दूर केली, पण जन्मापासून ‘वेडे’ किंवा ‘मूढ’ ठरवलेल्यांना बाहेरच ठेवले. पुढे बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल रोखले गेले आणि त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच बिलाचे तुकडे होऊन जे कायदे आले, त्यांपैकी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ ने स्पष्ट केले, की रोग, व्यंग किंवा विद्रूपता या कारणाने कोणीही वारसाहक्काला अपात्र ठरणार नाही. बौद्धांनाही हाच कायदा लागू होतो. म्हणजे आज त्या ताईच्या मुलाचा त्याच्या आजोबांच्या जमिनीत जो वाटा असेल, तो त्याचा आहे. भावकीतल्या कुणी “त्याला काय करायची जमीन” म्हटले, तर तो मनूचा नववा अध्याय वाचतो आहे, हे ओळखावे.

बाबासाहेबांनी कर्माबद्दल काय सांगितले

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासला आहे. माणसाचे आजचे हाल त्याच्या मागच्या जन्मामुळे आहेत, असे मानण्यात कुणाचे हित आहे, असा त्यांचा प्रश्न. गरिबांच्या आणि दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच त्याचा उपयोग दिसतो, असे त्यांचे उत्तर आहे. महाकारुणिक बुद्धाने असा सिद्धांत मांडला असेल, हे त्यांना पटत नाही.

आता हे त्या घरात नेऊन पाहा. सेरेब्रल पाल्सीमागे कधी जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूला प्राणवायू न मिळणे असते, कधी वेळेआधीची प्रसूती, कधी जन्मानंतरची तीव्र कावीळ. कारण कधी सापडते, कधी सापडत नाही. पण वाडीला रस्ता होता का, प्रसूतीसाठी गाडी वेळेवर आली का, बाळाची तपासणी कुणी केली का, हे प्रश्न विचारता येतात. ‘मागच्या जन्मीचे पाप’ म्हटले की हे सारे प्रश्न मिटतात. दोषी एकच उरते, ती म्हणजे आई. शासन सुटते, गाव सुटते आणि आपली चळवळही सुटते.

ठरावाने घागर भरत नाही

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, “आता कायदे झालेत, योजना आहेत, तो वेगळा विषय आहे. आपण जातीचे बघू.” त्यांना आम्ही चवदार तळ्याचाच इतिहास सांगतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला, असे नावानिशी सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले. कागदावर. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागून माणसे चालत गेली तेव्हा. त्यावरही हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता आहे. दिव्यांग आहे म्हणून मुलाला आईबापांपासून तोडता येणार नाही, असे कलम ९ सांगते. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख कलम २४ मध्ये आहे. कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयाच्या, ठरावीक प्रमाणाच्या दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अतितीव्र दिव्यांगत्व असेल तर घरी शिकण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. हे सारे कागदावर आहे. मग त्या ताईच्या घरापर्यंत किती पोचले?

सगळ्याची किल्ली म्हणजे प्रमाणपत्र. तालुक्याच्या शिबिरात काम झाले नाही, तर अलिबाग. महाडहून ते शंभर किलोमीटरांहून लांब, पोलादपूरच्या वाडीहून आणखी लांब. वाडीतून रस्त्यापर्यंत नऊ वर्षांचे मूल पाठीवर, मग एसटी, मग रांग. तिथे एखादा कागद कमी निघाला की हाच प्रवास पुन्हा. एकटी बाई हे किती वेळा करील? तळे खुले होते, पण तळ्यापर्यंतची वाट बंद होती. १९२७ ला नेमके हेच होते.

आईचे श्रम कुणाच्या खात्यावर?

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली, की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. मूल एका बाईचे असले तरी त्याच्या संगोपनाचा भार समाजाचा आहे, हा त्यामागचा विचार. केरळ सरकार ‘आश्वासकिरणम’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे, पण काळजी घेणे हे काम आहे, एवढे तरी त्यात मान्य होते. आपल्याकडे त्या ताईची मजुरी बुडते, पाठ जाते, झोप जाते आणि सगळे म्हणतात, “आईची माया.”

आपण काय करायचे?

पहिले, ‘भोग’ आणि ‘पाप’ हे शब्द आपल्या घरांतून घालवायचे. धम्म प्रवचनात, वंदनेनंतरच्या दोन मिनिटांत, हे उघड बोलावे.

दुसरे, प्रत्येक वाडीमंडळाने आपल्या वाडीतल्या दिव्यांग मुलांची यादी करावी, जात न बघता. अलिबागला जाताना दोन तरुण सोबत जावेत. एकाने मूल उचलावे, एकाने कागद सांभाळावे. हाच आजचा सत्याग्रह.

तिसरे, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

चौथे, २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. दरडीच्या भीतीने वाडी खाली करायची वेळ येईल, तेव्हा चालू न शकणाऱ्या मुलाला कोण उचलणार, त्याचे नाव पावसाळ्याआधी ठरलेले असावे.

पाचवे, आठवड्यातून दोन तास तरी त्या घरात जाऊन बसावे, म्हणजे ती आई बाहेर पडू शकेल.

संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. त्यात आम्हाला महाड दिसते. त्या यादीत दिव्यांगत्वाचा शब्द नाही. अनुच्छेद ४१ मध्ये आजारपण आणि विकलांगता यांत सरकारी मदतीचा उल्लेख आहे, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. उरलेले अंतर चालून जाणे आपल्याकडे आहे.

येत्या २० मार्चला त्या ताईला आणि तिच्या मुलाला घेऊन आम्ही तळ्यावर जाणार आहोत. पायऱ्या उतरायला चार हात लागतील. तुमच्या वाडीतूनही कुणाला तरी घेऊन या.

जय भीम.