दर श्रोत्यामागे दाम : अमेरिकेतील इंटरनेट रेडिओ आणि स्वामित्वधन

रेडिओवर वाजणाऱ्या प्रत्येक गाण्यात कायद्याच्या दृष्टीने दोन मालमत्ता असतात; एक गीतकार-संगीतकाराची मूळ रचना आणि दुसरी गायक-वादकांनी केलेले तिचे ध्वनिमुद्रण. अमेरिकेत मनोऱ्यावरून प्रक्षेपण करणारी केंद्रे रचनेपोटी स्वामित्वधन, म्हणजे वापराबद्दल हक्कधारकाला द्यायची रक्कम, भरत आली. ध्वनिमुद्रणापोटी मात्र कायद्याने त्यांच्याकडून काहीच मागितले नाही, कारण गाणे वाजले की तबकड्या खपतात आणि तीच गायकाची बिदागी, हा त्यांचा युक्तिवाद तेथील संसदेत टिकून राहिला. १९९५च्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रथमच, पण केवळ डिजिटल प्रक्षेपणापुरता मान्य केला. १९९८च्या कायद्याने इंटरनेट रेडिओसाठी वैधानिक परवान्याची वाट काढली. म्हणजे प्रत्येक कंपनीची परवानगी न घेता ठरलेला दर भरावा, अटी पाळाव्यात आणि गाणी वाजवावीत.

खरा अन्याय झाला तो मोजमापात. जून २००२मध्ये दर श्रोत्यामागे दर गाण्याला ०.०७ सेंट असा दर ठरला, तोही ऑक्टोबर १९९८पासूनच्या थकबाकीसह. आकडा क्षुल्लक दिसतो. पण तासाला पंधरा गाणी एक हजार जण ऐकत असतील, तर तासाचे साडेदहा, दिवसाचे २५२ आणि वर्षाचे सुमारे ९२ हजार डॉलर होतात. मनोऱ्याच्या केंद्राला वाढत्या श्रोत्यांसाठी जादा खर्च येत नाही, येथे मात्र प्रत्येक नव्या श्रोत्याबरोबर देणे वाढत गेले आणि जाहिराती जेमतेम असलेली छोटी केंद्रे त्याखाली दबली. डिसेंबरात त्यांच्यापुरता उत्पन्नाच्या टक्केवारीचा मार्ग मोकळा झाला. पण मार्च २००७मध्ये दर ठरवणाऱ्या तीन न्यायाधीशांच्या मंडळाने तो नाकारून २००६साठी ०.०८ आणि पुढे चढत २०१०साठी ०.१९ सेंट असे दर लावले. २६ जून २००७ रोजी अनेक केंद्रांनी निषेधार्थ दिवसभर संगीत बंद ठेवले, आणि २००८ व २००९च्या कायद्यांनंतरच तडजोडी झाल्या.

कलाकाराचा हक्क रास्तच होता. या वसुलीचा निम्मा भाग ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदारांना मिळतो, ही मोलाची सुधारणा होय. तेच गाणे मनोऱ्यावरून वाजले, तर गायकाला त्यापोटी एक सेंटही देण्याचे बंधन अमेरिकी कायद्यात आजही नाही.